मू म्हणाले, सू नाही

एक बूट पायात, एक दाराशी, अशा अवस्थेत वान-छिंग आपल्या पाणझाडांच्या काचेच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. बुडबुडे नव्हते. आजही नव्हते. बाटलीतून निघालेली नळी ज्या छोट्या काचेच्या कुपीतून जात होती, त्या कुपीत सकाळी शाळेला निघताना टप टप टप असे मस्त बुडबुडे चालू होते. आता तिथलं पाणी ढिम्म होतं. आणि टाकीच्या आत चिकटवलेली दुसरी कुपी, रंग दाखवणारी, निळी पडली होती. हिरवी म्हणजे झाडांना कार्बन डायऑक्साइड वायू नीट मिळतोय. निळी म्हणजे उपाशी.

तिने फोटो काढला, होंग सरांना पाठवला आणि फोन उशीवर आपटला. जमिनीवर आपटण्याइतका राग होता, पण फोन नवा होता.

शाळेच्या दर्शनी दालनात एकाच टाकीपुरतं टेबल होतं. त्यासाठी दोन टाक्या शर्यतीत होत्या. एक को-वेइची, त्याला बापाने वायूचा पोलादी सिलिंडर आणून दिलेला. दुसरी वान-छिंग आणि युन-जू या दोघींची, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून चालवलेली. सर म्हणाले होते, यीस्टचा खेळ चांगला आहे, पण भरवशाचा नाही. शाळा सुटल्यावर रोज मला कुपीचा फोटो पाठवा. महिनाअखेरपर्यंत एक तरी हिरवा फोटो आला तर टेबल तुमचं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज निघत नसे, ती वान-छिंग तेव्हा सगळ्यांसमोर उठून म्हणाली होती की सर, एक कशाला, रोज हिरवा पाठवते. आणि आता रोज निळा जात होता. को-वेइने तिला वर्गात 'निळूबाई' म्हणायला सुरुवातही केली होती.

तिने काय नाही केलं? साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडाला लावलं, कुठे फेस येतो का ते डोळे फाडून पाहिलं. फेस आला नाही. टाकीचं पाणी उलटं बाटलीत जाऊ नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह बदलला. नळी बदलली. बाटली गार पडत असेल म्हणून ती स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला, उबेला नेऊन ठेवली आणि नळी भिंतीकडेने फिरवून आणली. तरी तेच. रात्री बुडबुडे सुरू व्हायचे, सकाळी जोरात असायचे आणि दुपारी ती येईपर्यंत बंद. वायू असा चालू-बंद झाला की शेवाळाला फावतं. युन-जूने डोंगरातल्या ओढ्यातून निवडून आणलेल्या दगडांवर आता काळी दाढी उगवायला लागली होती, आणि पुढचं गालिच्यासारखं पसरायचं गवत टक्कल पडल्यासारखं दिसत होतं.

मग राग कुणावर तरी निघणारच. तो युन-जूवर निघाला, कारण यीस्ट तिने आणलं होतं. तिच्या आईचं वाफेवरच्या पावांचं दुकान होतं, देवळाच्या गल्लीत. वान-छिंग तिला शाळेत गाठून सरळ म्हणाली, "तुमच्या दुकानातलं शिळं यीस्ट दिलंस ना मला? दुपारपर्यंत मान टाकतंय ते."

युन-जूने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट बसवला. ती कधीच ओरडत नसे, तेच वाईट होतं.

"त्याच शिळ्या यीस्टचे पाव तू रोज तीन-तीन गिळतेस. फुकट," ती म्हणाली. "टाकीवरचं माझं नाव काढून टाक. दगड नंतर नेईन."

आणि गेली. वान-छिंगने मागून हाक मारली नाही. जा म्हणाली मनात, नाव काढते की नाही बघच. पण काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी वादळ येणार म्हणून शाळांना सुटी जाहीर झाली. खरं तर सकाळी नुसता वारा होता, खिडक्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या आणि बाहेर एखादा पत्रा कुठेतरी वाजत होता. वान-छिंग पांघरुणात तोंड खुपसून पडली होती. स्वयंपाकघरातून आत्याच्या गाण्याचा आवाज येत होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, यांच्याच घरी राहणारी. तिचा सगळा जीव गॅलरीतल्या बाटल्यांमध्ये. अननस, लिंबू, हिरवी पपई, सगळं साखरेत आंबवून ती जिआवसू नावाचं पाचक पेय करायची आणि अख्ख्या इमारतीची पोटं साफ करायची. वादळ येतंय म्हणून तिने त्या बाटल्या आत घेतल्या होत्या आणि रोजच्यासारखी एकेकीची हवा काढत होती. फुस्स. फुस्स. फुस्स.

मग पावलं फ्रिजकडे गेली.

वान-छिंग अंथरुणातून कशी उठली ते तिलाही कळलं नाही. आत्याचा हात तिच्या बाटलीच्या झाकणावर होता, फिरवण्याच्या बेतात.

"हात काढ."

"अगं, हवा काढू दे. फुगलीये बघ कशी."

"आत्या, तू रोज उघडतेस ही?"

"मग कोण उघडणार? तू? शाळेत निघून जातेस, बाटली तशीच बंद. मागच्या वर्षी माझी अननसाची फुटली तेव्हा छत कोणी पुसलं होतं?" आत्या अगदी शांतपणे म्हणाली. "आणि साखर कमी पडलीये तुझी. आंबट लागत होतं, मी दोन डाव घातली."

"लागत होतं? तू प्यायलीस?"

"एक घोट. खालच्या त्साय काकूंना मात्र पेलाभर दिलं. छान झोप लागली म्हणाल्या."

वान-छिंगचे कान तापले. तिला एकाच वेळी इतकं ओरडायचं होतं की कुठून सुरू करावं ते समजेना. बाटली उघडली की आतला सगळा दाब जातो, तो पुन्हा साचेपर्यंत संध्याकाळ उलटते, एवढं साधं तिला दिसलं नव्हतं. व्हॉल्व्ह बदलत बसली होती ती.

"ते जिआवसू नाहीये. तुला कोणी सांगितलं जिआवसू आहे म्हणून?"

"तूच. मी विचारलं, काय लावलंयस. तू म्हणालीस जिआवसू."

"जिआवमू म्हणाले मी. मू. यीस्ट. तू मासे तळत होतीस आणि वरचा पंखा घरघरत होता."

"मू काय नि सू काय. नीट तोंड उघडून सांगायला काय होतं? हल्ली बाहेर फार तोंड उघडतेस म्हणे, घरात नुसतं पुटपुटतेस."

ते खरं होतं, म्हणून आणखी झोंबलं. यामुळे टेबल जाणार, को-वेइ हसणार, दगडांवर शेवाळ आलंय, आणि युन-जूशी भांडण झालंय ते शिळ्या यीस्टवरून, असं सगळं ती एका दमात ओकली. आत्या शेवाळापर्यंत नुसती मान हलवत होती. भांडणापाशी तिची मान थांबली.

"त्या पाववालीच्या पोरीला बोललीस? दुकानाचं यीस्ट शिळं म्हणालीस?" आता आत्याचा आवाज चढला. "अगं, दुकानदाराला शिळं म्हणणं म्हणजे काय, कळतं का तुला? आणि मला विचारलंही नाहीस. घरात माणूस आहे की खुर्ची?"

दोघीही एकमेकींवर धुसफुसत राहिल्या. आत्याने आपल्या बाटल्या मोरीत नेल्या आणि दार धाडकन लावलं. वान-छिंगने स्वयंपाकघरातून खुर्ची ओढत आणली आणि फ्रिज आणि टाकी दोन्ही दिसतील अशी मांडून बसली. जेवायला उठली नाही, आत्याने बोलावलंही नाही. नूडल्सचा वाडगा मात्र तिच्या मांडीवर आणून आदळला.

टप टप टप. दुपार झाली, बाहेर पाऊस आडवा मारायला लागला आणि बुडबुडे चालूच. शाळा सुटायच्या वेळेला टाकीतली कुपी हिरवी होती, कोवळ्या वाटाण्यासारखी. वान-छिंगने फोटो काढला. होंग सरांचं नाव उघडलं आणि तसंच बंद केलं. टाकीवर दोन नावं होती. तिने फोटो युन-जूला पाठवला, खाली लिहिलं: आत्या रोज झाकण उघडत होती. यीस्ट चांगलं होतं. मी मूर्खासारखी बोलले, तुझ्या आईलाही येऊन सांगते.

युन-जूने वाचलं. वान-छिंगला परत राग यायला लागला, आता आणखी काय लिहू म्हणून. मग उत्तर आलं.

"फोटो वाकडा आलाय. मोठा दगड कापलास. असला फोटो सरांना पाठवायचा नाही. मुदत उद्यापर्यंत आहे, वारा पडला की मी येऊन काढते. तोवर कशालाही हात लावू नकोस. आणि मी अजून चिडलेली आहे."

माझ्या घरातली टाकी आणि मलाच हुकूम, वान-छिंगच्या मनात आलं. दात आवळून तिने लिहिलं, "बरं." मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती खुर्चीवर बसून राहिली.