ओल्या कांग्यातली जागरणं

मित्रांनो, मी एक जुना डाइव्ह कॉम्प्युटर, आणि माझी एकच तक्रार होती. मला झोप मिळत नव्हती.

हसू नका. दिसायला मी मनगटी घड्याळासारखा, फक्त जरा ढोल्या. समुद्रात बुडी मारणाऱ्याच्या हातावर बसायचं आणि सांगत राहायचं, एवढा खोल आलास, एवढी मिनिटं उरली, आता हळूहळू वर चल. ऐकलं नाही तर पी-पी करून डोकं खायचं. घाईघाईनं वर आलेल्या माणसाच्या रक्तात बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात ना, तसे. माणूस जायबंदी होतो. म्हणून माझी कटकट.

जन्म माझा एका थंड गावातल्या कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या बाईनं माझ्या पाठीत बॅटरी बसवली, रबराची बारीक कडी घातली, झाकण फिरवलं आणि लगेच बादलीत बुडवलं. बारशाआधी आंघोळ! मग एका पाहुण्याच्या हातावर बसून आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या माफिया नावाच्या बेटावर आलो. निघताना त्यानं मला सिकुधानीला देऊन टाकलं. तेव्हापासून मी इथलाच.

सिकुधानी पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला पाण्याखाली नेते. तिचे आजोबा, कोंबो नाखवा, होडी हाकतात. ते तरुणपणी नुसत्या श्वासावर बुड्या मारून ऑक्टोपस पकडायचे. मला पाहून म्हणाले, "पोरी, लग्नाआधीच मनगटाला सासू बांधून घेतलीस की." तेव्हापासून माझं नाव सासू. मीही सोडतो का! आजोबा वल्ह्याला टेकून पेंगायला लागले की माझा गजर नेमका त्यांच्या कानापाशी. चारशे बुड्यांतून मी तिला सुखरूप वर आणलं. एकदा पाहुण्यांसमोर ती म्हणाली की एक वेळ स्वतःवर विश्वास ठेवणार नाही, पण याच्यावर ठेवीन. मी तर फुगूनच गेलो.

फुगलेल्याचं काय होतं, तुम्हाला माहीत आहेच.

वर्षभर पुरणारी बॅटरी आता चार दिवसांत संपायला लागली. एकदा तर अठरा मीटरवर, चार पाहुणे मागे असताना, माझा पडदा पांढराफटक. कॉम्प्युटर पाण्यात मेला की नियम ठरलेला आहे. सगळ्यांना घेऊन सावकाश वर यायचं आणि पुढचा अख्खा दिवस कोरडं बसायचं. आठवड्याभरात मी पुन्हा तसाच दगा दिला. मुख्य गाइड अशुराबाईंनी स्पष्ट सांगितलं. शनिवारी खाडीबाहेरच्या, पाण्याखालच्या प्रवाळाच्या उभ्या भिंतीवर सिकुधानीची परीक्षा. पास झाली तर पक्की गाइड. पण कॉम्प्युटर स्वतःचा आणि चालू हवा. पुन्हा बंद पडला तर या मोसमात पाण्यात नाही, स्वयंपाकघरात.

आता सुरू झाले माझ्यावर उपचार. फुंदी जुंबे, बंदरावर रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करतो तो, म्हणाला बॅटरीच उन्हात शिजलेली. दुसरी घातली. तीही मेली. मग म्हणाला आत दमट असेल, आणि मला तांदळाच्या डब्यात पुरलं. दोन दिवस मी भाताची स्वप्नं पाहत पडलो. स्वप्नं जागेपणीची, हं! मग आजोबांनी आपलं औषध काढलं. या बेटावर गुडघा दुखो, दार करकरो, नाहीतर इंजिन अडो, खोबरेल तेल लावतात. त्यांनी माझ्या रबरी कडीला भरपूर तेल चोपडलं. कडी अशी फुगली की झाकणच बसेना. फुंदी कपाळाला हात लावून म्हणाला, "नाखवा, हिला फक्त हिचं खास ग्रीस चालतं. तुम्ही उद्या माशालाही तेल लावून पोहायला सोडाल."

गुरुवारी त्यानं शेवटची कडी आणि शेवटची बॅटरी घातली. मुख्य भूमीवरून नवी यायची तर बोट सोमवारी.

मला कारण माहीत होतं, मित्रांनो. मी पडद्याच्या कोपऱ्यात पाण्याचा छोटा थेंब दाखवून बोंबलत होतो. पण गुंडाळलेल्याचं तोंड कोण बघणार!

शुक्रवारी सिकुधानी पाण्यात उतरलीच नाही. बॅटरी वाचवत घरी बसली. उठ-बस, उठ-बस. शेवटी भरदुपारी तिला राहवलं नाही. तिनं टोपलीतून मला काढलं. तिचा मायेचा भाग म्हणजे, बुडीहून आल्यावर कमरेला गुंडाळायच्या छापील कापडानं, म्हणजे कांग्यानं, अंग पुसायचं आणि त्याच कांग्यात मला घट्ट गुंडाळून ठेवायचं, वाळू लागू नये म्हणून. कांग्याच्या काठावर छापलेलं होतं, 'माझं ते माझ्या कुशीत'. तिनं घडी उलगडली तर मी टक्क जागा.

"आजोबा, हा घरात आहे, पण थेंब दाखवतोय. याला वाटतंय, हा पाण्यात आहे."

आजोबांनी कांगा चिमटीत धरला. दमट. बोट जिभेला लावलं.

"मीठ," ते म्हणाले. "रोज याला समुद्रात गुंडाळून ठेवतेस आणि वर म्हणतेस, झोप का लागत नाही."

माझ्या पाठीला धातूचे दोन ठिपके आहेत. दोन्हींना पाणी लागलं की मला वाटतं बुडी सुरू झाली, आणि मी जागा होतो. खारट ओल सुकतच नाही. म्हणजे मी चोवीस तास कामावर!

तिनं मला पिण्याच्या गोड्या पाण्यात धुतलं, मऊ ब्रशनं ठिपके घासले, पुसून सावलीत खुंटीला टांगलं. थेंब विझला. पडदा विझला. मित्रांनो, मी झोपलो.

पण बॅटरी एका दिवसात निम्मी झालेली होती. शनिवारी भिंतीवर उतरताना माझा जीव टांगणीला. दिवा लावला नाही, खोडी काढली नाही, एक पी सुद्धा जास्तीची केली नाही. अठ्ठावीस मीटर. अशुराबाई मागून बघतायत. सिकुधानी दर मिनिटाला माझ्याकडे बघते, आणि मी आहे. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. माझ्या आयुष्यातली सर्वात लांब तीन मिनिटं. बॅटरीची शेवटची काडी लुकलुकत होती. डोकं पाण्याबाहेर आलं तरी मी चालूच.

अशुराबाई होडीत चढल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी नव्या पाहुण्यांना तूच ने."

आजोबांनी हात पुढे केला, मला सोडवून घेतलं आणि गोड्या पाण्याच्या बाटलीखाली धरलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्याकडे एखादी आवडती वस्तू असेल तर तिला खुशाल जपा. पण तिला काय हवं ते आधी तिच्या तोंडाकडे बघून विचारा. कोण कुशीत सुखी, कोण खुंटीवर. कांगा आता दोरीवर वाळतो आणि मी शेजारी टांगलेला असतो, ढाराढूर. फक्त आजोबा दुपारी खाली चटईवर आडवे झाले की मला बरोबर जाग येते.