वीस मीटरची साखळी

सीमेचे दगड एकोणीस होते. मला सात सापडले. फाटकाचे खांब दोन, आडवा दांडा नाही. नाक्याच्या इमारतीत खोल्या तीन, त्यांतल्या एकीत आता टायरचं दुकान. बत्तीस वर्षं टिकलेल्या देशाचं एवढंच उरलं आहे.

मधली खोली नाकेदाराच्या मुलीनं जपली आहे. त्या सत्तरीच्या आहेत. मी पिशवीतून आजोबांची मोजणीची साखळी काढून टेबलावर ठेवली आणि घरी आम्ही पाहुण्यांना सांगतो तसंच हसत सांगितलं, "मावशी, आमच्या आजोबांनी अख्खा देश मोजून बंद केला, तो याच साखळीनं."

त्या हसल्या नाहीत.

"म्हणजे तू त्यांची नात. बस."

करार असा होता, की क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरच्या खाली भरलं तर देश शेजाऱ्यात विलीन. आजोबांच्या मोजणीत ते २.९६ भरलं.

"आमचे बाबा म्हणत होते, आधी साखळी तपासा, जुनी आहे. तुझे आजोबा म्हणाले, 'नाकेदार, खुर्ची जाणार म्हणून साखळीला नावं ठेवू नका.' सगळे हसले. मग बाबांना लोक खुर्चीवालेच म्हणायचे. मरेपर्यंत."

माझे कान तापले. खुर्चीचा किस्साही आमच्या घरी सांगतात.

वापरून कड्या झिजल्या की साखळी लांबते, आणि लांबलेली साखळी जमीन कमी दाखवते. हे मी सर्वेक्षणाच्या पहिल्या वर्षाला शिकले. ही साखळी तेव्हाही आमच्या भिंतीवर होती. मी ती कधी मोजली नाही. आता कागदावर गणित केलं: ती साडेतेरा सेंटिमीटरनं जास्त भरली, तर देश तीनच्या वर जातो.

"मोज," मावशी म्हणाल्या.

"आता मोजून काय, मावशी..."

"देश परत मागत नाहीये मी. बाबांचं तेवढं सांग."

रस्त्याकडेला साखळी पसरली, शेजारी माझी पोलादी टेप. एक टोक त्यांनी पायानं दाबलं. ताण कमी ठेवला, तर दोन-तीन सेंटिमीटर सहज लपतात. मी हात जरा सैल सोडला. त्यांना कळलं नसतं. चष्मा हातात धरून त्या नुसत्या उभ्या होत्या, मी सांगेन तो आकडा ऐकायला.

मी पुन्हा ओढली, नियमात सांगितलेल्या ताणानं, तीन वेळा.

वीस मीटर, चौदा सेंटिमीटर.