फुली

“मावशी, शिडी कुठंय?”

“मावशी, अजून एक बादली मिळेल?”

“मावशी, जरा भिंतीपासून बाजूला व्हा ना. फोटोत येताय.”

शाळेची साफसफाई करणाऱ्या मावशीचा जीव सकाळपासून मेटाकुटीला आला होता. त्या बड्या परदेशी कंपनीची माणसं दरवर्षी एका शनिवारी समाजसेवा करायला यायची आणि दरवर्षी हीच एक भिंत रंगवून जायची. सगळ्यांचे निळे टी-शर्ट, पाठीवर ‘आम्ही जपतो’. फरशी मात्र कोणी जपायचं नाही. सांडलेला रंग पुढे आठवडाभर मावशी खरवडत बसायची.

यंदा मुख्याध्यापिका बाईंनी धीर करून कंपनीच्या मॅडमना विचारलं होतं, “भिंत गेल्या वर्षीचीच चांगली आहे हो. त्यापेक्षा संडासातला नळ दुरुस्त करून देता का?”

“नळ उपक्रमात बसत नाही,” मॅडम गोड हसल्या. “नळात सगळ्यांना भाग घेता येत नाही ना.”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.

मावशीला खरी काळजी होती ती त्याच भिंतीच्या, दाराजवळच्या हातभर तुकड्याची. वर्ष सुरू झालं की मुलांना तिथे उभं करून, डोक्यावर पट्टी टेकवून ती पेन्सिलीने रेघ ओढायची आणि पुढे नाव लिहायची. त्या गर्दीत एक रेघ तिच्या स्वतःच्या मुलाची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसरीत असताना तो तापाने गेला. घरी त्याचा फोटो होता, पण फोटोतला मुलगा बोटाएवढा. खरा केवढा होता, ते फक्त ही भिंत सांगायची.

दरवर्षी रंगकाम संपेपर्यंत ती तिथे ठाण मांडून बसायची. यंदा फोटोवाल्यांनी उठवलं. मग तिने त्या तुकड्यावर खडूने ठळक फुली मारली. फुली म्हणजे इथे हात लावायचा नाही, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. नळ बंद, म्हणून ती फाटकाबाहेरून पाणी आणायला गेली.

परत आली तेव्हा तिथे सगळं पिवळंधमक झालं होतं.

“आधी तेच उरकलं, मावशी,” ब्रश धरलेला कंपनीचा हिशेबनीस उत्साहाने म्हणाला. “फुली होती ना. आमच्याकडे जिथं काम करायचं असतं, तिथंच फुली मारून देतात.”

“अहो, फुली म्हणजे नको.”

“असं होय? पण आता बघा, किती स्वच्छ दिसतंय.”

त्याचा चेहरा इतका भाबडा होता की शिवी द्यायचीही सोय नव्हती. मावशीने बादली खाली ठेवली.

“पुढच्या वर्षी नका जपू आम्हाला,” ती म्हणाली. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

सोमवारी शाळा भरण्याआधी ती त्या भिंतीपाशी गेली. रंग वाळला होता. मुलगा बिलगायचा तेव्हा त्याचं डोकं तिच्या छातीखालच्या बरगडीला लागायचं, हे तिच्या अंगाला पक्कं आठवत होतं. ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली, बरगडीच्या उंचीवर अंगठा टेकवला आणि तो न हलवता वळली.

वय झालं की माणूस खुजं होतं म्हणतात. म्हणून तिने पेन्सिल बोटभर वर सरकवली आणि रेघ ओढली.