धुराड्यावरून आणलेली वाफ

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी शिडीवर होतो. काचेच्या भट्टीच्या धुराड्याला जोडायच्या नळीचं माप घेत होतो. नळी कुठून काढायची ते तिनेच दवाखान्याच्या खाटेवरून सांगितलं होतं. मेहुणा खाली येऊन उभा राहिला. "दाजी, खाली या," म्हणाला. आवाजावरूनच समजलो.

आमच्या कारखान्याला भट्टी पेटवायला सौर विजेवर बनलेला हायड्रोजन हवा होता. शेडमध्ये दोन यंत्रं चाचणीला होती. मेहुण्याने सुचवलेलं साध्या पाण्यातून वायू काढायचं, ते स्वस्त. माझ्या बायकोने सुचवलेलं वाफेतून काढायचं, ते महाग. पहिल्या चाचणीत तिचं हरलं, कारण वाफेसाठी विजेचा बॉयलर लावला आणि ती वीजही तिच्याच यंत्राच्या नावावर धरली. "भट्टीची उष्णता आभाळात चाललीय आणि आपण वीज जाळून पाणी उकळतोय!" तिने कपाळावर हात मारला होता. फेरचाचणीतही हरलं, तर यंत्र परत जाणार होतं.

पुन्हा कामावर आलो, तेव्हा आधी नळी बसवली. मी फिटर. नळीतलं मला कळतं, बाकीचं तिचं.

"हत्ती पोसताय दाजी," मेहुणा म्हणाला. "ताईचा आहे म्हणून गप्प बसतो."

"गप्प कुठे बसलास? तुझा बैल स्वस्तात आला खरा, पण चारा किती खातो ते बघ."

मी पाण्याची झडप उघडली. धुराड्याच्या उष्णतेने नळीतलं पाणी उकळलं, वाफ यंत्रात शिरली. त्याने वीज सोडली. दोघंही मीटरपुढे वाकलो. त्याच्या यंत्राला एका किलो हायड्रोजनला पन्नासच्या वर युनिट लागायची. इथे आकडा पंचेचाळीसवर आला, मग बेचाळीसवर, आणि चाळीसला येऊन टेकला.

"मीटर बिघडलंय," म्हणत त्याने दुसरं लावलं. पुन्हा चाळीस!

"ताई, अगं ये लवकर!" तो शेडच्या दाराकडे वळून ओरडला. मग जीभ चावून माझ्याकडे बघू लागला.

मला हसू आलं. "अजून एकदा ओरड," म्हटलं. "कामात असली की पहिल्या हाकेला तिने कधी ओ दिलीय?"

आणि मग आम्ही दोघंही ओरडलो.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी यंत्र ठेवून घेतलं. पण वाचलेल्या विजेतून त्याची जास्तीची किंमत निघेल का, हे वाफेतून वायू वेगळा करणाऱ्या आतल्या चकत्या किती टिकतात त्यावर आहे. एवढ्या उष्णतेत त्या लवकर झिजतात, असं तीच सांगायची. ती लांबची चाचणी अजून झालेली नाही.