दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी शिकाऊ गाडी आहे. रंग मूळचा पांढरा, आता कुठला ते तुम्हीच ठरवा. एकदा माझ्या बॉनेटखाली एका पाखराने अंडी उबवली होती. पिल्लं उडायला शिकली ती पहिल्या गिअरमध्येच! अजूनही वळताना ती दोन्हीकडे मान फिरवून बघतात. खोटं वाटत असेल तर आकाशात बघा.

कारखान्यातून निघाल्यावर माझ्या बहिणी लांबच्या रस्त्यांना लागल्या. मला मात्र गाडी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी घेतलं आणि गॅरेजात नेऊन माझ्या पोटात दुसरा ब्रेक बसवला. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या. तेव्हापासून शाळेमागचं मैदान, बाजाराची गल्ली आणि पाण्याच्या टाकीचा उतार, एवढंच माझं जग. तिसऱ्या गिअरच्या पुढे कुणी गेलंच नाही. गिअरच्या मुठीवर चारचा आकडा कोरलेला होता, तो मला शोभेचा वाटायचा.

मास्तर माणूस सोन्यासारखा, पण त्यांचा पाय फार भित्रा. समोर कबूतर दिसलं तरी ब्रेक दाबला! तरीही शेकडो लोक माझ्यावर शिकले आणि जाताना माझं बॉनेट थोपटून गेले.

मग एक बाई शिकायला आली. ती लाँड्रीत इस्त्री करायची. सोळा वर्षं गरम फरशीवर उभं राहून तिचे पाय संध्याकाळी उशीसारखे फुगायचे. बसून करायचं काम शोधा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लाँड्रीच्या मालकाने कपडे पोचवायला व्हॅन घेतली, तेव्हा तिने धीर करून विचारलं, "मी चालवू?"

"महिनाअखेरीपर्यंत लायसन आणा," मालक म्हणाला. "नाहीतर बाहेरचा माणूस ठेवतो."

शिकायला तिला मिळायची ती जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं. डबा ती माझ्या मागच्या सीटवर ठेवायची आणि तसाच भरलेला परत न्यायची. त्यात तिच्या मनात एक जुनी गोष्ट घर करून बसलेली. लहानपणी तिचा दादा तिला सायकलला हात लावू द्यायचा नाही. "तुला सगळं उशिरा दिसतं," म्हणायचा. तिला ते इतकं पटलं होतं की ती मास्तरांनाही तेच सांगायची.

आता कान इकडे करा. दोन्ही ब्रेक माझ्याच पोटात, त्यामुळे खरी गोष्ट एकट्या मला ठाऊक होती. आधी पडायचा मास्तरांचा पाय, आणि अर्ध्या श्वासाने तिचा. तिचा अगदी वेळेवर पडायचा. मास्तरांचाच लवकर! पण तोवर मी थांबलेली असायचे आणि ती म्हणायची, "बघा, तुम्ही होतात म्हणून."

परीक्षेला मास्तर मागे बसायचे आणि शेजारी परीक्षा घेणारे साहेब. कोपरा आला की बाई शेजारच्या पायाची वाट बघत राहायची. दोनदा नापास झाली. तिसरी परीक्षा शुक्रवारी होती आणि शनिवारी महिना संपत होता.

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. ते नव्हतं म्हणून एक उद्योग केला. प्रत्येक खड्ड्यात मुद्दाम हादरून मास्तरांच्या ब्रेकचा नट सैल केला. मेकॅनिक म्हणतो, गंजाने गेला. म्हणू द्या बापड्याला!

मंगळवारी नट पडला आणि ब्रेकची दांडी सुटली. कुणाला पत्ता नाही. मास्तर दाबत होते, गाडी थांबत होती. "पाय आज हलका लागतोय," एवढंच ते म्हणाले.

गुरुवारी आम्ही टाकीच्या उतारावरून खाली येत होतो. वळणावर दोन हमाल आरशाचं कपाट आडवं धरून रस्ता ओलांडत होते. समोरून मीच मला येताना दिसले. बाई गं, केवढी मळले होते मी! मास्तरांनी पाय दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही.

आणि मी थांबले. आरसा वीतभर पुढे.

"काय ताई, भांग पाडायचाय का?" एक हमाल ओरडला.

बाईने घाम पुसला. "वाचलो मास्तर. तुम्ही दाबलात म्हणून."

मास्तर खाली वाकले आणि ब्रेकची दांडी चाचपून वर आले. खरं सांगायचं तर इतके दिवस आपलाच पाय मध्ये येत होता, हे त्यांना कबूल करावं लागणार होतं.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "माझा ब्रेक निखळलाय. दांडीच्या टोकावर धूळ साचलीय. पाय हलका लागायला लागला ना, तेव्हापासूनच."

"म्हणजे?"

"परवापासून गाडी तुम्हीच थांबवताय."

"बाजारात ती आजी आडवी आली, तेव्हा?"

"तुम्हीच."

"आणि कालचं ते कबूतर?"

मास्तर ओशाळले. "कबूतर आपलं आपण उडालं. थांबायची गरजच नव्हती."

बाई इतकी हसली की माझ्या काचा थरथरल्या. मग तिने मागचा डबा ओढला आणि रस्त्याच्या कडेला, माझ्यात बसून, पहिल्यांदाच पोटभर जेवली. मास्तरांनाही आग्रह करून वाढलं.

शुक्रवारी साहेबांनी मला मोठ्या रस्त्यावर न्यायला सांगितलं. कोपऱ्यावर बाईने कुणाची वाट पाहिली नाही. रस्ता मोकळा दिसताच तिने चौथा गिअर टाकला. मित्रांनो, तो आकडा खरा निघाला! मी अशी धावले की माझी सावली मागे राहिली. ती सावली शनिवारी घरी आली.

बाई पास झाली. आता ती व्हॅन बसून चालवते आणि संध्याकाळी तिच्या चपला तिला घट्ट होत नाहीत. मी अजून टाकीच्या उतारावरच आहे, पण आठवड्यातून एकदा मास्तर मला मोठ्या रस्त्यावर नेतात.

मित्रांनो, जुन्या गाडीची हवा, तेल, पाणी बघत जा, आणि तिला अधूनमधून मोकळा रस्ता दाखवा. माणसांनाही तो लागतो. दुसरा ब्रेक मास्तरांनी दुरुस्त करून घेतलाय, हवाच तो. फक्त आता ते शेजारी मांडी घालून बसतात. पाय खाली आणायला अर्धा श्वास लागतो. तेवढा शिकणाऱ्याचा.