काळ्या दाण्यांचे फटके

कणसात जितके काळे दाणे, म्हातारीला तितके फटके, असा शेजारच्या मठातल्या बाबांचा उपाय होता. म्हणून तिच्या मक्याच्या शेतात दीडशे माणसं जमली होती आणि पोस्टमन मोजणीला बसला होता.

कणसं सोलली की पिवळ्यात काळे दाणे निघत होते. लोक डोळे विस्फारून बघत होते.

"हे वाळलेलं रक्त," बाबा म्हणाले. "या बाईच्या पोटातलं विष मुळांतून वर चढलंय. फटके झाले की जमीन मठाला द्या, मी शुद्ध करीन."

शुद्ध झालेली जमीन परत मिळते का, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

पिशवीबाई धावत आली तेव्हा तिची सासू मातीत पालथी पडली होती. कपाळ फुटलं होतं आणि डाव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला बघत होती. दाणे सत्तेचाळीस. पोस्टमन तेराव्याला चुकला, म्हणून प्रामाणिकपणे पुन्हा एकपासून सुरुवात झाली होती.

बियाण्यांच्या कंपनीत ती कणसांवर कागदी पिशव्या चढवायची, म्हणून हे नाव. सासूशी तिचं पटायचं नाही. तरी ती मध्ये शिरली, आणि फटके मारणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याची काठी तिच्या खांद्यावर बसली.

"हा फटका धरायचा का?" पोस्टमनने विचारलं.

"धरा," ती दात आवळून म्हणाली. "पण उपाय पुरता करा. या ओळीत मी बियाण्यासाठी पिशव्या चढवलेली कणसं आहेत. शेत हेच, म्हातारी हीच. तीही सोला."

पहिलं निघालं पिवळंधमक. दुसरंही तसंच.

"शून्य," पोस्टमन म्हणाला.

"शून्य फटके मारायचे कसे?" ट्रॅक्टरवाला गोंधळला.

"बाबा, मुळांतून चढलेलं विष कागदाला घाबरलं?" पिशवीबाईने विचारलं.

"कागद पवित्र असेल."

"त्यावर उंदराच्या औषधाची जाहिरात आहे."

मग तिने मठाच्या भिंतीलगतचं कणीस सोलायला लावलं: एकशे बारा काळे. शेताच्या मध्यावर चाळीस. पलीकडच्या टोकाला, म्हातारीच्या दारापाशी, तीन.

"विष भिंतीकडून येतंय," ती म्हणाली. "वाराही तिकडूनच येतो."

भिंतीमागे मठाचा मका होता. त्याचे तुरे सगळ्यांना रोज दिसत. मका तर मका, बघायचं काय? ट्रॅक्टरवाल्याने भिंतीवर चढून एक कणीस मोडून आणलं. आत एकूण एक दाणा कोळशासारखा.

"दाण्याला आई असते तसा बापही असतो," पिशवीबाई म्हणाली. "कणीस आई. तुऱ्यातून उडणारी धूळ, म्हणजे पराग, बापाकडचा. तो कणसाच्या केसांवर पडतो, तेव्हा एकेका केसामागे एकेक दाणा धरतो. इथे बापाकडचा काळा रंग आईच्या पिवळ्याला झाकतो. पिशवीतल्या कणसांवर मी आपल्याच मक्याचा पराग हाताने टाकला, म्हणून ती पिवळी. आता हा काळा दाणा पेरा, त्याला त्याचाच पराग द्या. पुढच्या कणसात चारांत साधारण तीन काळे आणि एक पिवळा येईल. पिवळा कुठे गेलेला नसतो, झाकलेला असतो. शाप इतका शिस्तीत वागत नाही."

"म्हणजे या दाण्यांचे बाप मठातले," पोस्टमन विचार करत म्हणाला. "आणि बाबा स्वतःला ब्रह्मचारी म्हणवतात."

बाबा पळाले. भिंतीपाशी सापडले. पहिल्याच ठोशात नाक मोडलं, दुसऱ्यात ओठ फाटला, आणि कोणीतरी काठी आणली.

"एक," पोस्टमनने सुरुवात केली.

पिशवीबाईने काठी हिसकावली. दुखऱ्या खांद्याने तिच्या तोंडून शिवी निघाली.

"पोलिसांना बोलवा. आणि गाडी काढा, हिला दवाखान्यात न्यायचंय. मघाशी हातात काठी होती, डोक्यात प्रश्न नव्हता. आत्ताही तेच चाललंय, फक्त मार खाणारा बदललाय. तुमच्यातल्या एकाने आपणहून दुसरं कणीस सोललं असतं, तर हिची बोटं शाबूत राहिली असती. कणीस सोलायला किती वेळ लागतो?"

ट्रॅक्टरवाला गाडी काढायला गेला.

"चमत्कार कोणीही दाखवो," ती सासूला उठवत म्हणाली, "आधी शेजारचं कणीस सोलून बघायचं. हात उचलायच्या आधी."