अँथिम मास्तरांचा कान

सेन नदीकाठच्या त्या कारखान्यात अँथिम मास्तरांच्या कानाचा मोठा दबदबा होता. विमानाचं नवं इंजिन चाचणीच्या बाकावर गरगर फिरायला लागलं, वंगणाच्या एरंडेलाचा जळका धूर सुटला, की मास्तर खुर्चीत डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "जाऊ दे." मग ते इंजिन विमानात चढे. पॅरिसची बडी मंडळी हा कान बघायला येत. कान मात्र नाताळापासून रजेवर होता.

खरं सांगावं, तर खुर्ची जाणार. म्हणून मास्तरांनी झाडूच्या दांड्याचं एक टोक बाकाला लावलं आणि दुसरं दातांत धरलं. थरथर तेवढी कळे, बाकी सगळा देवावर हवाला. लोक म्हणाले, ही गुरूची विद्या. मालकांनी तसले सहा दांडे खास लाकडात करवून घेतले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मास्तर दांडा चावत राहिले.

सोमवारी पंचाईत झाली. बाकावरच्या इंजिनावर त्यांचा जावई लुसियँ उडणार होता आणि लेकीला सातवा महिना होता. मास्तरांच्या तोंडून "जाऊ दे" काही निघेना.

इंजिन बंद करायला लावून ते म्हणाले, "लुसियँ, मला ऐकू येत नाही. नाताळापासून सोंग करतोय मी."

लुसियँ त्यांच्या डाव्या कानाशी ओरडला, "माहीत आहे, बाबा."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना. तुम्ही जेवायला गेलात की क्लोदीन प्रत्येक इंजिन पुन्हा तपासते."

तारा गुंडाळणारी क्लोदीन शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली. जेवणाची दीड तासाची सुट्टी हा आपल्या पिकल्या मिशांचा मान आहे, अशी मास्तरांची समजूत होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग मला विचारत कशाला होतात?"

"मालक म्हणाले, म्हाताऱ्याला आपणहून सांगू दे."

मास्तरांची खोड काही जाईना. ते क्लोदीनकडे वळले, "पण चौदा वेळा 'जाऊ दे' म्हणालो मी. एकदा तरी चुकलो का?"

क्लोदीनने पंजा दाखवला.

"पाच?" मास्तरांनी लुसियँकडे बोट केलं. "त्यात याची किती?"

तिने लुसियँकडे पाहिलं आणि हळूहळू चार बोटं मिटली.

मास्तर उठले. खुर्ची त्यांनी स्वतः पुसली आणि क्लोदीनपुढे सरकवली.